पडलेला दांत व दुखावलेला जबडा

विटीदांडूच्या खेळांत विटी तोंडावर बसून एखाद्या सोबत्याचा दांत समूळ निखळला, म्हणजे सारे त्याच्या रक्ताकडे पाहत राहतात आणि दांत मात्र धुळींत पडून असतो. वस्तुतः तो दांत त्याच क्षणीं शोधावयास हवा.

परंतु तो दुधाचा कीं कायमचा, हें प्रथम ठरविलें पाहिजे. समोरचे कायमचे दांत साधारणतः वयाच्या ६ ते ९ या वर्षांत येतात. दुधाचा दांत लहान व अधिक पांढरा. नव्या कायमच्या दांताची कड दंतुर असते. दुधाचा दांत पुनः बसवूं नये. त्याच्या मुळापाशीं वाढणाऱ्या कायमच्या दांतास त्यामुळें इजा होण्याचा संभव असतो. कायमचा दांत मात्र दर्शनी भागास धरून उचलावा, मुळास बोट लावूं नये. मुळावर अत्यंत पातळ असें जिवंत आवरण असतें व त्याच्याच योगानें दांत पुनः हाडाशीं जडतो. माती लागली असल्यास क्षणभर थंड पाण्याच्या धारेखालीं धरून तो खांचेंत हलकेच बसवावा आणि मुलास रुमाल दांतांखालीं धरावयास सांगावें. तें न साधल्यास दांत दुधांत ठेवून अर्ध्या तासाच्या आंत दंतवैद्य गांठावा. कागदांत गुंडाळून खिशांत घातलेल्या दांताचें आवरण तासाभरांत बहुतेक मरतें.

जबड्याची दुखापत इतकी उघड दिसत नाहीं. हनुवटीची जखम शिवली म्हणजे काम संपलें असें घरच्यांस वाटतें. मला तर हीच चूक सर्वांत घातक वाटते. हनुवटीवरील आघात हाडांतून थेट कानापुढील सांध्यापर्यंत पोहोंचतो व तेथील हाड मोडूं शकतें. तोंड उघडतांना हनुवटी एका बाजूस वळते काय, दांत पूर्वींसारखे जुळतात काय, कानापुढें दुखतें काय, जिभेखालीं काळेंनिळें झालें आहे काय, हें पाहावें. एकही खूण आढळल्यास रुग्णालयांत जावें. मुलांचें हाड लवकर जुळतें; पुष्कळदां मऊ अन्न आणि डॉक्टरांनीं सांगितलेली तोंडाची हालचाल एवढ्यावर भागतें. उपेक्षा झाली तर सांधा आखडून तोंड उघडेनासें होतें व वाढ खुंटून चेहरा वांकडा होतो.

रक्त वाहत असतां मुलास पुढें वांकवून बसवावें, म्हणजे तें घशांत जाणार नाहीं. स्वच्छ कापड १० मिनिटें सतत दाबून धरावें. मूल ओकत असेल, गुंगत असेल अथवा क्षणभर जरी बेशुद्ध झालें असेल, तर दांताचा विचार मागें ठेवून त्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें. दांताचा तुटलेला तुकडा सांपडला नसल्यास तेंही तेथें सांगावें. तो कधीं ओठांत रुतलेला, कधीं श्वासनलिकेंत गेलेला असतो.