घात होतो तो आवरताना

शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून माझी सगळी नोकरी झाली. मुलं मला मामा म्हणत. लोकांना वाटतं, शाळेत भीती सल्फ्युरिक आम्लाच्या बाटलीची. पण त्या बाटलीला सगळेच भितात, त्यामुळे ती निघाली की बाईंची नजर हलत नाही. मी पाहिलेले बहुतेक अपघात प्रयोग झाल्यावर, घंटा व्हायच्या घाईत झाले.

एकदा दहावीचं प्रात्यक्षिक संपत आलं होतं. खिडकीशी ठेवलेला स्पिरिटचा दिवा विझलेला वाटला, म्हणून एका मुलाने कॅन उचलून त्यात स्पिरिट ओतायला घेतलं. दिवा पेटलेलाच होता. स्पिरिटची ज्योत फिकट निळी, उन्हात ती दिसतच नाही. कॅनच्या तोंडाशी भडका उडाला, मुलाने हात झटकला आणि पेटतं स्पिरिट टेबलभर सांडलं. मी जाड घोंगडी टाकून आग दडपली. मुलाचा भाजलेला हात बाईंनी थेट नळाखाली धरला. शिपाई टूथपेस्ट घेऊन धावत आले, त्यांना मागे फिरवावं लागलं. भाजल्यावर २० मिनिटं वाहतं गार पाणी आणि मग दवाखाना, मध्ये पेस्ट, हळद, तूप काही नाही.

स्पिरिटमधल्या इथेनॉलच्या वाफा साधारण १७ अंश सेल्सिअसलाच पेट घेऊ शकतात. आपल्याकडे वर्गात एवढा गारवा क्वचितच असतो. म्हणून दिवे तासाआधीच भरावेत आणि कॅन कपाटात कुलपात ठेवावा. दिवा विझवायचा तो टोपण घालून. टोपण नसलेला दिवा पेटलेलाच धरावा.

अपघाताची दुसरी जागा मोरीची. आम्ल पाण्यात सावकाश ओतावं, आम्लात पाणी ओतू नये, हे नववीतलं पोर झोपेतही सांगेल. तेच पोर तळाशी संहत सल्फ्युरिक आम्ल राहिलेलं मोजपात्र सरळ नळाखाली धरतं! आम्लाची घनता १.८४, म्हणजे पाणी वर राहतं, तिथल्या तिथे उकळतं आणि शिंतोडे थेट तोंडावर. उरलेलं आम्ल शिक्षकांनीच भरपूर पाण्यात हळूहळू ओतावं. चष्मे सगळी भांडी धुऊन होईपर्यंत डोळ्यांवरच हवेत. डोळ्यात थेंब गेलाच तर निदान १५ मिनिटं पाण्याने धुवत राहायचं. सोड्याचं पाणी डोळ्यात घालायचं नाही.

सोडियम कापल्यावर टिपकागदाला त्याचा कीस चिकटतो. तो कागद ओल्या कचऱ्यात पडला तर पेटू शकतो, म्हणून तो मुलांच्या हाती देऊच नये. गरम काच दिसायला गार काचेसारखीच, तेव्हा तिवईवरून काढलेलं पात्र ठेवायला वेगळी फरशी नेमून द्यावी.

एवढं सगळं ३५ मिनिटांच्या तासात बसत नाही. वेळापत्रक लावणाऱ्या मुख्याध्यापकांना म्हणूनच विनंती आहे, प्रात्यक्षिकाला जोडतास द्या आणि त्यातली शेवटची दहा मिनिटं फक्त आवरायला ठेवा.