आपल्या परिसरातील साप : ओळख आणि वस्तीस्थाने

कुही तालुका म्हणजे धानाच्या बांध्या, मिरचीची वावरे, जुने तलाव आणि पलीकडे करांडल्याचे जंगल. जेथे धान तेथे उंदीर आणि जेथे उंदीर तेथे साप, हे आपणा सर्वांस ठाऊकच आहे. तरीही साप दिसला की आपण त्याचा रंग पाहतो आणि काठी शोधतो. आमच्या मते जागा आणि वेळ ही सापाची पहिली ओळख होय.

तलावाकाठी किंवा बांधीच्या पाण्यात दिसणारा, अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन असलेला साप म्हणजे धोंड, अर्थात पाणदिवड. तो चावरा खरा, पण बिनविषारी. धामण तणसाच्या ढिगात, कोठ्यात उंदरांमागे शिरते. तिला फणा नसतो, विषही नसते. तिला मारणे म्हणजे आपल्याच धानाच्या राखणदारास मारणे होय.

नाग फण्यावरून कळतो. मात्र तो नेहमीच फणा काढून बसतो असे नाही. परड, जिला पुस्तकांत घोणस म्हणतात, धुऱ्यावरच्या गवतात आणि पाचोळ्यात पडून राहते. त्रिकोणी डोके, पाठीवर साखळीसारख्या तीन रांगांत गडद ठिपके आणि कुकरच्या शिटीसारखा फुत्कार. कित्येकजण तिला अजगराचे पिल्लू समजून हात लावतात.

परंतु आम्हास सर्वाधिक भीती वाटते ती मण्यारीची, कारण ती रात्री घरात येते. अंग काळेनिळे व चकचकीत, त्यावर बारीक पांढरे पट्टे, बहुधा जोडीने. मानेकडे हे पट्टे नसतात किंवा पुसट असतात, शेपटीकडे ठळक होतात. पाठीच्या मधोमध मोठे षटकोनी खवले असतात. पाली खाण्यासाठी भिंतीवर चढणारा कवड्या बिनविषारी; त्याचे पट्टे मानेपासूनच ठळक असून शेपटीकडे विरतात. आम्ही स्वतः एकदा कंदिलाच्या उजेडात मण्यार समजून कवड्या मारला. सकाळी पट्टे नीट पाहिले आणि मन खट्टू झाले.

मण्यारीचा दंश दुखत नाही, सुजतही नाही. झोपलेल्यास कित्येकदा जागही येत नाही. पहाटे पोटात कळा येतात, उलटी होते, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, श्वास अडतो. घरचे लोक अपचन समजतात, कोणी बाहेरची बाधा समजून मांत्रिकाकडे नेतात. वाया गेलेले हेच तास जीव घेतात! जमिनीवर निजलेल्या माणसाची पापणी पहाटे उघडत नसेल, तर दंशाची खूण शोधीत बसू नये; ताबडतोब सरकारी दवाखाना गाठावा.

तेथे मिळणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्याही विषावर चालते. म्हणून साप मारून सोबत नेण्याचे कारण नाही. दोरी आवळू नये, जखम कापू नये. हातपाय फळीला बांधून स्थिर ठेवावा, रुग्णास चालू देऊ नये.

पावसाळ्यात बाजेवर निजावे आणि मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली चारही बाजूंनी खोचाव्या. मच्छरदाणी डासांसाठी घेतलेली असली तरी मण्यारीलाही अडवते. सरपण भिंतीला लावून रचू नये. रात्री बाहेर निघताना बॅटरी हाती असावी.