जुन्या ट्रॅक्टरवर अल्टरनेटर व अँमीटरची जोडणी



कापडाच्या व्यापाऱ्याने ट्रॅक्टरच्या वायरिंगवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. आमच्या घरी जुना मॅसी फर्ग्युसन ३५ आहे. त्याच्या वायरिंगमुळे एका रात्री आमच्या चालकाचा तळहात भाजला. तेव्हापासून जाणत्या मिस्त्रींजवळ बसून आम्ही हा विषय समजून घेतला. आपले पुष्कळ बिरादर ऑटो इलेक्ट्रिकच्या कामावर रोजी कमावतात, म्हणून हा पाठ येथे देत आहोत.

हकिगत अशी. डायनामो थकला होता, म्हणून मिस्त्रीने तो काढून ३६ अँपियरचा अल्टरनेटर बसविला. बाकी सर्व जुनेच ठेवले. वायर तीच बारीक, अँमीटर तोच २० अँपियरचा. त्या दिवशी बॅटरी पार उतरलेली होती. ट्रॅक्टर ढकलून चालू केला, दिवे लावले आणि अल्टरनेटरने आपली सगळी ताकद त्या बारीक वायरीतून लोटली. डॅशबोर्डमागे वायरीचे प्लास्टिक वितळले, धूर निघाला. मुलाने घाबरून वायर हाताने ओढली. मिस्त्रीची नियत खोटी नव्हती, पण डायनामो आणि अल्टरनेटर यांतला फरक त्याने ध्यानात घेतला नव्हता.

तो फरक असा. त्या काळच्या लुकास डायनामोची ताकद साधारण २० ते २२ अँपियर, तीही इंजिन जोरात असेल तेव्हाच. मंद चालीवर चार्जिंग जवळजवळ नाहीच. बॅटरीचा करंट उलटा डायनामोत जाऊ नये म्हणून कटआऊटचा डबा लागे. अल्टरनेटरमध्ये हे काम डायोड करतात आणि व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बहुधा त्याच्या पोटातच असतो. म्हणून जुना कटआऊट जोडणीतून काढून टाकावा. मध्येच ठेवला तर घोटाळा होतो.

कामाला हात घालण्यापूर्वी बॅटरीची कोणती बाजू बॉडीला जोडली आहे ते पाहावे. १९४० ते १९६० च्या दशकांतील फर्ग्युसन, फोर्डसन मेजर वगैरे ब्रिटिश ट्रॅक्टरांत पॉझिटिव्ह अर्थ सर्रास असे, तर बाजारात मिळणारा अल्टरनेटर निगेटिव्ह अर्थचा असतो. तो तसाच जोडला तर डायोड क्षणात जळतात आणि दुकानदार बदलून देत नाही. अशा ट्रॅक्टरची बॅटरी फिरवून घ्यावी. पॉझिटिव्हचा खुंट जाड असतो, त्यामुळे क्लॅम्पही बदलावे लागतात. सेल्फ मोटर मात्र त्याच दिशेने फिरते, तिला हात लावू नये. बल्बांनाही फरक पडत नाही. पेट्रोल किंवा रॉकेलवर चालणारे इंजिन असेल तर इग्निशन कॉईलच्या वायरी तेवढ्या अदलाबदल कराव्यात.

आता अँमीटर. बॅटरीत किती करंट गेला आणि किती निघाला, एवढेच तो सांगतो. म्हणून तो बॅटरी आणि बाकी सर्व यांच्या मध्ये बसला पाहिजे. सेल्फच्या ज्या बोल्टवर बॅटरीची जाड केबल येते, तेथून एक वायर अँमीटरच्या एका टोकाला न्यावी. अँमीटरच्या दुसऱ्या टोकावर दोन वायरी येतील : अल्टरनेटरची जाड वायर, आणि स्विच व दिव्यांकडे जाणारी वायर. सेल्फचा करंट शेकडो अँपियर असतो, तो अँमीटरमधून कधीही नेऊ नये. दिव्यांची वायर बॅटरीच्या बाजूला जोडली तर दिव्यांकडे जाणारा करंटही चार्जिंग म्हणून दिसतो. मालक खूश राहतो आणि बॅटरी उतरत जाते.

३६ अँपियरला ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्यावी. ती डॅशबोर्डपर्यंत जाऊन परत येते, म्हणून वाट लांब पडते, हे विसरू नये. मीटर ६० अँपियरचा असावा. थिंबल नीट दाबून बसवावी, पत्र्यातून वायर जाते तेथे रबर बसवावे, मीटरच्या बोल्टांवर रबरी टोप्या घालाव्यात, कारण किल्ली बंद असली तरी या वायरीत करंट असतो. तिचा फ्यूज सेल्फच्या बोल्टजवळच ठेवावा. जुनाच मीटर ठेवायचा हट्ट असेल तर अल्टरनेटरची वायर सरळ बॅटरीकडे न्यावी आणि डॅशबोर्डवर व्होल्टमीटर लावावा.

अल्टरनेटरच्या लहान टोकाला स्विचमधून २.२ वॅटच्या बल्बमार्गे वायर येते. हा बल्ब केवळ शोभेचा नाही, त्यातून येणाऱ्या थोड्या करंटने अल्टरनेटर जागा होतो. बल्ब उडाला की इंजिन बरेच रेस केल्याशिवाय चार्जिंग सुरू होत नाही.

इंजिन बंद ठेवून दिवे लावले की काटा उणे बाजूला गेला पाहिजे. अधिककडे गेला तर मीटरच्या दोन बाजू अदलाबदल कराव्यात. इंजिन चालू झाल्यावर काटा अधिककडे उडी घेतो आणि बॅटरी भरत आली की हळूहळू मध्याजवळ येतो. तासन् तास वरच अडकून राहिला तर बॅटरी किंवा रेग्युलेटर तपासावा. रेसवर बॅटरीच्या टोकांवर १४ व्होल्टच्या आसपास मिळाले की जोडणी बरोबर.

जुन्या उस्तादांची चालू इंजिनवर बॅटरीची केबल काढून पाहण्याची किंवा वायर घासून ठिणगी बघण्याची रीत डायनामोवर चालून जाई. अल्टरनेटरवर ती केली तर डायोड गेलेच समजा. ट्रॅक्टरवर वेल्डिंग करतानाही त्याच्या वायरी आधी काढाव्यात.

पुली व बेल्ट एका रेषेत असावेत. बेल्ट फार ताणू नये, त्यावरच पाण्याचा पंपही फिरतो. डायनामोच्या मागे तास-मीटरची केबल असेल तर तो मीटर बंद पडेल, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे. खर्च सांगतानाही वायर, मीटर, फ्यूज सर्व धरून सांगावा. आमच्या मिस्त्रीने केवळ अल्टरनेटरचे पैसे सांगितले, कारण जास्त सांगितले तर गिऱ्हाईक जाईल अशी त्याला भीती होती. त्याने मागितले असते तर आम्ही दिले असते.