मद्यपान आणि यकृतविकार : हवामान की समाज?

थंड प्रदेशातील लोक अधिक मद्य पितात, हा समज जुना आहे. २०१८ साली अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी १९३ देशांची आकडेवारी तपासली, तेव्हा या समजास संख्याशास्त्रीय आधार मिळाला. जेथे सरासरी तापमान आणि सूर्यप्रकाशाचे तास कमी, तेथे दरडोई मद्यसेवन व मद्यजन्य सिऱ्हॉसिस, म्हणजेच यकृताचे काठिण्य, अधिक आढळले. मुस्लिमबहुल देश वगळल्यानंतरही हा संबंध टिकून राहिला. मद्यामुळे त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावून ऊब भासते, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. प्रत्यक्षात त्यामुळे शरीर उष्णता गमावते.

तथापि, सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. देशाच्या सरासरीवरून व्यक्तीच्या वर्तनाचे अनुमान काढणे हा संख्याशास्त्रातील परिचित दोष आहे. या दृष्टीने भारताचे उदाहरण विशेष बोलके ठरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) मद्यपान करणाऱ्या पुरुषांचे प्रमाण अरुणाचल प्रदेशात सर्वाधिक, ५३ टक्के होते. येथवर थंडीचा सिद्धान्त जुळतो. परंतु दुसरा क्रमांक उष्ण तेलंगणाचा, ४३ टक्के. तर हिमाच्छादित जम्मू-काश्मीरमध्ये हे प्रमाण १० टक्क्यांहूनही कमी. त्याहून महत्त्वाची तफावत स्त्री-पुरुषांमधील आहे. देशपातळीवर १५ वर्षांवरील सुमारे १९ टक्के पुरुष मद्य घेतात, स्त्रिया मात्र एक टक्क्याच्या थोड्या वर. हवामान दोघांनाही सारखेच असते! अरुणाचलात मात्र स्त्रियांचे प्रमाण २४ टक्के आहे. तेथील आदी समाजात तांदळापासून 'अपोंग' घरीच तयार होते व सणसमारंभात त्याला मान असतो. तेलंगणात हेच स्थान ताडीला आहे. भात पिकेल की ताड वाढेल, हे हवामान ठरवते. प्याला कोणाच्या हाती द्यावा, हे समाज ठरवतो.

काळाच्या ओघात होणारे बदल तर हवामानाने मुळीच उलगडत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये वाइनचे रेशनिंग झाले, तेव्हा पॅरिसमधील सिऱ्हॉसिसचे मृत्यू झपाट्याने घटले आणि युद्धानंतर पुन्हा वाढले. पुढे, विसाव्या शतकाच्या अखेरीस, फ्रान्समध्ये हे मृत्यू उतरत असताना स्कॉटलंडमध्ये ते चढत गेले. तेथील शासनाने २०१८ मध्ये मद्याची किमान किंमत निश्चित केली, ती याच पार्श्वभूमीवर.

यकृताच्या दृष्टीने निर्णायक ठरते ती मद्याची मात्रा आणि सेवनाची वर्षे. प्रथम यकृतात चरबी साठते, नंतर दाह होतो व अखेरीस काठिण्य येते. लठ्ठपणा आणि हिपॅटायटिस बी व सी यांमुळे ही वाटचाल वेगवान होते. समान मात्रेत स्त्रियांच्या यकृतास अधिक इजा पोहोचते, हेही लक्षात घ्यावयास हवे. मद्यपान हवामानाच्या माथी मारल्यास या साऱ्याकडे दुर्लक्ष होते आणि धोरणाला कामच उरत नाही.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ मध्ये मादक पेयांच्या सेवनास प्रतिबंध करण्याचे मार्गदर्शक तत्त्व आहे. विषय मात्र राज्यसूचीतील आहे. गुजरातमध्ये राज्याच्या स्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी आहे. बिहारमध्ये ती २०१६ मध्ये आली. वरील सर्वेक्षणात गुजरातमधील सुमारे ६ टक्के, तर बिहारमधील १५ टक्क्यांहून अधिक पुरुषांनी मद्य घेत असल्याचे सांगितले. बंदी असलेल्या राज्यात असे उत्तर देणारे कमीच असणार, हे आकडे वाचताना गृहीत धरावे लागते.