शिट्टी नसलेला कुकर



"तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर," ही सूचना ज्याने कधी ऐकली नाही असा मुलगा किंवा मुलगी आपल्याकडे सापडणे कठीण. गेल्या वर्षी आमच्या घरी विजेवर चालणारे एक यंत्र आले. भात, वरण, उसळ, खीर असे सारे एकाच भांड्यात करणारे. आईने त्याचे झाकण उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "अरे, याला शिट्टी कुठे आहे? मग शिजलं ते कळायचं कसं?"

"यंत्राला सगळं कळतं, आई," असे मी ऐटीत म्हणालो. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो, तेव्हा ऐट थोडी जास्तच होती. मुगाच्या खिचडीचे साहित्य घातले, १० मिनिटांचे बटण दाबले आणि पाने घ्यायला सांगितले. खिचडी पानात पडायला पाऊण तास लागला! आई काही बोलली नाही, पण माझी ऐट तेवढ्यात उतरली. चूक यंत्राची नव्हती. ते काय मोजते हेच मी पाहिले नव्हते. आज आपण तेच पाहू.

शिट्टी काय मोजते?

उघड्या भांड्यात पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. आच वाढवली तरी तापमान वाढत नाही, फक्त वाफ अधिक होते. झाकण घट्ट बंद केले की वाफ कोंडते, दाब वाढतो आणि दाबाबरोबर पाण्याचा उत्कलनबिंदूही वाढतो. हे तत्त्व स्वयंपाकात प्रथम आणले डेनिस पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने, १६७९ साली, लंडनमध्ये. त्याच्या भांड्यात हाडेसुद्धा मऊ होत. १६८२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या सभासदांना त्याने अशा भांड्यात शिजवलेले जेवणही दिले. जादा वाफ सोडणारी सुरक्षा-झडप हीदेखील त्याचीच देणगी.

गॅसवरच्या नेहमीच्या कुकरात दाब वातावरणाच्या दाबापेक्षा सुमारे १०० किलोपास्कलने जास्त असतो व तापमान १२० अंशांच्या आसपास जाते. दाब त्यापलीकडे गेला की वाफ वजन उचलते व बाहेर पडते. हीच शिट्टी. म्हणजे शिट्टी सांगते एवढेच, की जादा उष्णता वाफेच्या रूपाने बाहेर गेली. गॅस मोठा असेल तर शिट्ट्या भराभर होतात, बारीक असेल तर सावकाश. तेव्हा 'तीन शिट्ट्या' हे वेळेचे माप नव्हे. आपल्या घरची शेगडी, आपला कुकर आणि आपली डाळ यांचा अनुभव जमेस धरून बसवलेला तो अंदाज आहे. अंदाज चांगला असतो, पण दुसऱ्या यंत्राला तो जसाच्या तसा लागू पडत नाही.

यंत्राला काय कळते?

अशी यंत्रे निरनिराळ्या नावांनी मिळतात. त्यांपैकी 'इन्स्टंट पॉट' हे २०१० साली कॅनडातून बाजारात आले आणि जगभर पसरले. सर्वांची रचना साधारण एकच. तळाशी विजेची तबकडी, तिच्यावर स्टीलचे सुटे भांडे, झाकणाला सिलिकोनचे कडे, वाफ सोडण्याची झडप आणि एक छोटी धातूची पिन. तबकडीच्या मध्यभागी भांड्याच्या तळाला टेकलेला तापमान-संवेदक असतो. दाबासाठी बऱ्याच यंत्रांत एक साधी युक्ती असते : आतल्या दाबाने तळ केसभर खाली रेटला जातो व एक स्विच दाबला जातो.

बस्स! दोन संवेदक आणि एक घड्याळ, एवढीच यंत्राची बुद्धी. दाब पुरेसा झाला की वीज बंद, कमी झाला की पुन्हा चालू. दाब मर्यादेतच राहतो, म्हणून शिट्टी लागत नाही. डाळ शिजली की नाही हे त्याला कळत नाही. किती डाळ, किती पाणी, किती वेळ हे ठरवायचे आपणच.

यांपैकी अनेक यंत्रांत दाब वातावरणापेक्षा सुमारे ७० किलोपास्कल जास्त ठेवतात. त्या दाबाला पाणी ११५ अंशांच्या सुमारास उकळते, म्हणजे गॅसवरच्या कुकरापेक्षा ५ अंश कमी. तापमान १० अंशांनी वाढले की शिजण्याचा वेग साधारण दुप्पट होतो हा ढोबळ नियम घेतला, तर गॅसवर दाब आल्यानंतर ६ मिनिटांत होणाऱ्या पदार्थाला येथे साडेआठ मिनिटे लागतील. शिट्ट्यांचे रूपांतर मिनिटांत करताना हा फरक धरा.

पाऊण तास कुठे गेला?

आमची खिचडी पाण्यासकट उष्णतेच्या दृष्टीने दीड लिटर पाण्याइतकी होती असे धरू. ती २५ अंशांपासून ११५ अंशांपर्यंत तापवायला लागणारी उष्णता :

१.५ × ४.२ × ९० = ५६७ किलोज्यूल

यंत्र १००० वॉटचे, म्हणजे सेकंदाला १ किलोज्यूल देणारे. तेव्हा ५६७ सेकंद, जवळजवळ साडेनऊ मिनिटे लागणार. शिवाय भांडे, झाकण व बाहेरची हवा आपला वाटा घेणारच. एकूण १४-१५ मिनिटे तापण्यात गेली. मग घड्याळाची १० मिनिटे सुरू झाली. त्यानंतर दाब आपोआप उतरायला आणखी २० मिनिटे. पडद्यावरचा आकडा फक्त मधल्या टप्प्याचा होता. पहिला व तिसरा टप्पा मी हिशेबात धरलाच नव्हता.

झाकणाची घाई नको

आमच्या आईच्या उजव्या मनगटावर भाजल्याचा एक जुना डाग आहे. अनेक वर्षांपूर्वी शाळेची वेळ झाली म्हणून तिने कुकर पुरता पडण्याआधीच उघडला होता. नव्या यंत्राची तिला धास्ती वाटली ती उगीच नव्हे.

हिशेब करून पाहा. झाकणाचा आतला व्यास २२ सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ०.०३८ चौरस मीटर. ७०,००० पास्कल दाबाने त्यावर सुमारे २६६० न्यूटन बल लागते. चार मोठी माणसे झाकणाला आतून वर ढकलत आहेत असे समजा! दाब नऊ दशांश उतरला तरी २७ किलोग्रॅमच्या वजनाइतके बल उरतेच. म्हणूनच ती छोटी पिन महत्त्वाची. आत दाब असेपर्यंत ती वर असते व झाकण अडवून धरते. पिन खाली पडल्याशिवाय झाकणाशी कधीही झटापट करू नका.

झडप उघडून वाफ एकदम सोडता येते, पण वरण-खिचडीसाठी ते योग्य नाही. दाब गेला की ११५ अंशांचे पाणी १०० अंशांवर यावेच लागते. एक किलोग्रॅम पाण्यातली ही जादा उष्णता ६३ किलोज्यूल. एवढ्या उष्णतेने सुमारे २८ ग्रॅम पाण्याची वाफ होते आणि तिचे आकारमान ४७ लिटर! पातळ डाळीतून एवढी वाफ उसळली की फेस झडपेतून बाहेर येतो. तेव्हा अशा पदार्थांचा दाब आपोआप उतरू द्या.

पहिला प्रयोग : नुसते पाणी

यंत्र नवे असेल तर पहिल्या दिवशी काही शिजवू नका. घरातील मोठ्या माणसांच्या देखत पुढील गोष्टी करा.

१. आतले भांडे जागेवर आहे हे पाहूनच पाणी ओता. बाहेरच्या कवचात पाणी गेले तर तबकडी व तारा भिजतील. यंत्र अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटलाच जोडा.

२. सिलिकोनचे कडे नीट बसवा. ते निसटले तर वाफ कोंडणार नाही.

३. ७०० मिलिलीटर पाणी घाला, झाकण लावा, झडप बंद करा आणि ५ मिनिटांची वेळ लावा. झडप थोडी सैल हलते, त्यात बिघाड नाही.

४. पिन वर केव्हा आली, घड्याळ केव्हा सुरू झाले, पिन केव्हा पडली, या तिन्ही वेळा वहीत लिहा.

पुढे पदार्थ करताना भांडे दोन तृतीयांशाहून अधिक भरू नका. डाळ-तांदळासारखे फुगणारे पदार्थ अर्ध्यापर्यंतच. सहा लिटरच्या यंत्रात निदान ३७५ मिलिलीटर पाणी हवे. पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो प्रमाण माना. फोडणीनंतर तळाला चिकटलेला मसाला पाणी घालून खरवडून घ्या. दाट मिश्रणात अभिसरण नीट होत नाही, तळ फार तापतो आणि यंत्र मध्येच थांबते. माझी दुसरी खिचडी अशीच थांबली होती.

करून पाहा

५००, १००० व १५०० मिलिलीटर पाणी घेऊन, प्रत्येक वेळी यंत्र पूर्ण थंड करून, दाब येईपर्यंतचा वेळ मोजा व आलेख काढा. दर ५०० मिलिलीटरला किती वेळ वाढला? उत्तर ३ मिनिटांच्या जवळपास यायला हवे. का, ते वरच्या सूत्रावरून पडताळा. आलेखाची रेषा मागे वाढवली तर ती शून्य मिनिटांतून जात नाही. पाणी नसतानाचा हा वेळ कशाने खाल्ला, याचा विचार करा.

आता आमच्या घरी वरण याच यंत्रात होते. वेळेच्या टिपणांची वही फडताळात आहे आणि त्यातली बहुतेक टिपणे आईच्या हातची आहेत. मी घाई केली तर ती स्वयंपाकघरातून विचारते, "पिन पडली का?"