पूर ओसरला की आधी मोबाईल, मग फावडं : नुकसानीची नोंद कशी ठेवायची?

२२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. माझं दुकान त्यात होतं. पाणी ओसरल्यावर आम्ही काय केलं? फावडी घेतली, चिखल उपसला, भिजलेला माल रस्त्यावर टाकला. सर्व्हेअर आला आणि विचारलं, "पाणी कुठपर्यंत होतं? माल कुठे आहे?" भिंतीवरची चिखलाची रेषा मीच धुऊन टाकली होती. बिलं खालच्या खणात होती, त्यांचा लगदा झालेला. नुकसान खरं होतं, पण दाखवायला काहीच नव्हतं. क्लेम आला, पण गेलं त्या मानाने फारच थोडा. ही चूक तुम्ही करू नका.

१. पावसाळ्याआधी

मे महिन्यात दुकानाचा पाच मिनिटांचा व्हिडिओ काढा. प्रत्येक रॅक, फ्रिज, काटा, कॉम्प्युटर, मशीनवरचा सिरीयल नंबर. खरेदीची बिलं, स्टॉकची यादी आणि पॉलिसी यांचे फोटो ड्राइव्हवर ठेवा आणि गावाबाहेरच्या एका नातेवाइकालाही पाठवा.

पॉलिसीत पूर कव्हर आहे का, हे बघा. विम्याची रक्कमही बघा. समजा माल १० लाखांचा आहे आणि विमा ६ लाखांचा. ५ लाखांचं नुकसान झालं, तर ५ लाख मिळतील असं वाटतं. पण कंपनी प्रमाण लावते : ६ भागिले १०, म्हणजे साधारण ३ लाखच. हप्त्यात वाचवलेले पैसे इथे असे जातात.

२. पाणी ओसरल्यावर

आधी मेन स्विच बंद आहे ना, ते बघा. मग झाडू लावण्याआधी :

- भिंतीवरच्या रेषेला टेप लावून फोटो काढा. उंची दुकानाच्या फरशीपासून आणि रस्त्यापासून, दोन्ही मोजा. तुमचं जोतं दोन फूट उंच असेल, तर शेजाऱ्याचा आणि तुमचा आकडा वेगळा येणारच.
- पाणी कधी शिरलं, कधी उतरलं, हे लिहा.
- मालाची यादी करा : वस्तू, नग, खरेदी किंमत, पूर्ण खराब की थोडा खराब.
- विमा कंपनीला लगेच कळवा. सर्व्हेअर येईपर्यंत माल फेकू नका. सडका माल ठेवणं शक्यच नसेल, तर कंपनीला विचारून, फोटो काढूनच हलवा.

३. कोणाला काय द्यायचं?

सर्व्हेअरला यादी, बिलं, फोटो. महसूल विभागाचा पंचनामा होताना स्वतः हजर राहा, नोंद वाचा आणि प्रत मागा. कर्ज असेल तर बँकेलाही कळवा. सीएला यादी नक्की द्या, कारण नष्ट झालेल्या मालावर घेतलेलं इनपुट टॅक्स क्रेडिट जीएसटीत परत करावं लागतं.

४. बाजाराची एक शीट

हे काम कोणी करत नाही, पण सगळ्यांच्या उपयोगाचं आहे. व्यापारी मिळून एक शीट करा : गल्ली, पाण्याची उंची, शिरल्याची वेळ, उतरल्याची वेळ. बस्स. मालाची किंमत, क्लेमची रक्कम, फोन नंबर त्यात नको. ते लिहायला लावलं तर लोक माहितीच देणार नाहीत.

जलसंपदा विभागाच्या नकाशात निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पण तुमच्या गल्लीत काउंटर बुडतो की माळा, हे शेजारीच सांगणार. नवीन दुकान भाड्याने घेणाऱ्याला डिपॉझिट देण्याआधी नेमकं हेच कळायला हवं. माल किती उंचीवर ठेवायचा, हेही त्यावरूनच ठरतं.

आजचा गृहपाठ : हा लेख बंद करा आणि दुकानाचा व्हिडिओ काढा. दुकान अजून घेतलं नसेल, तर जी जागा बघताय तिच्या शेजारच्या तीन दुकानदारांना विचारा, "दादा, पाणी कुठपर्यंत आलं होतं?" उत्तर वहीत लिहा, मगच भाड्याचं बोला.