रानातल्या बियांची माळ : कोणती बी घ्यावी, कोणती टाळावी



पावसाळा सरला की ओढ्याकाठी आणि शेताच्या बांधावर बिया पिकू लागतात. पाड्यावरच्या महिला गटांत आपण त्यांच्या माळा आणि कानातले करतो. या अंकातील धडा त्याच कामाचा आहे. सुरुवात मात्र माझ्या एका चुकीने करते.

पहिल्या वर्गाला मी परडीभर गुंजा घेऊन गेले होते. लाल अंग, काळा ठिपका, सगळ्या एकसारख्या. माळेला याहून देखणी बी कोणती, असे मला वाटले. भोक पाडता पाडता एका मुलीने बी दातांत धरली. शेजारच्या आजींनी तिचा हात झटकन ओढला आणि मला म्हणाल्या, "ताई, गुंज पोरांच्या तोंडात जाऊ देऊ नका. विष आहे ते." मुलीला काही झाले नाही. पण शिकवायला गेलेली मीच त्या दिवशी शिकून आले.

गुंजेत धोका कशाचा?

पूर्वी सोनार गुंजेने सोने तोलत. ८ गुंजांचा १ मासा आणि १२ माशांचा १ तोळा. त्यामुळे गुंज घराघरांत ओळखीची आहे. पण तिच्या आत ॲब्रिन नावाचे जहाल विष असते. साल कठीण असल्याने अखंड बी गिळली गेली तर ती पुष्कळदा तशीच बाहेर पडते. साल फुटली किंवा बी चावली गेली, तर एक बीसुद्धा लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. माळेसाठी भोक पाडताना आपण नेमकी हीच साल फोडतो. इंग्लंडमधील ईडन प्रोजेक्ट या प्रसिद्ध उद्यानाने २०११ साली आपल्याकडे विकलेली अशा बियांची ब्रेसलेट याच कारणाने परत मागवली होती.

एरंडाची नक्षीदार बी आणि पिवळ्या कण्हेरीची बिट्टी यादेखील विषारीच. या तिन्ही माळेत नकोत.

मग घ्यावी कोणती?

ओल्या जागी, ओढ्याकाठी वाढणारी कसई घ्या. काही ठिकाणी तिला रानजोंधळा म्हणतात. तिचे दाणे राखाडी-पांढरे, गुळगुळीत, थेंबासारखे असतात. म्हणूनच इंग्रजीत त्यांना बायबलमधील ईयोबाच्या अश्रूंचे नाव पडले आहे. म्यानमार व थायलंडमधील करेन स्त्रिया हे दाणे आपल्या अंगरख्यांवर टाचतात. मुख्य सोय अशी की दाण्याच्या मधून देठ गेलेला असतो. तो ओढून काढला की भोक आपोआप तयार होते, सुईने फोडावे लागत नाही.

कृती

१. दाणे कडक आणि राखाडी झाल्यावरच तोडा. हिरवे दाणे पुढे सुरकुततात. सगळे तोडू नका, थोडे पुढच्या वर्षासाठी झाडावर राहू द्या.

२. चार-पाच दिवस उन्हात वाळवा. किडके आणि चिरलेले दाणे वेगळे काढा.

३. देठ ओढून काढा. अडलाच तर जाड सुईने ढकला.

४. दोऱ्याला मेण लावा. दर दोन-तीन दाण्यांनंतर गाठ मारा, म्हणजे दोरा तुटला तरी सगळी माळ विखुरणार नाही.

५. मधे बारीक बांबूचे तुकडे, करवंटीच्या घासलेल्या चकत्या किंवा जुन्या कपड्यांची बटणे ओवा.

६. प्रत्येक माळेला बीचे नाव लिहिलेली चिठ्ठी बांधा. तीन वर्षांखालील मुलाच्या गळ्यात कोणतीही माळ घालू नका. सुटा दाणा घशात अडकू शकतो.

चुकून गुंज चावली गेली तर

त्रास दिसण्याची वाट पाहू नका. उलट्या-जुलाब काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही सुरू होतात. घरी उलटी करवू नका. उरलेली बी सोबत घेऊन लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा किंवा १०८ ला फोन करा. या विषावर उतारा नाही, म्हणून लवकर मिळालेले उपचारच महत्त्वाचे.

गटात चर्चा करा

१. आपल्या शिवारात कसई कुठे उगवते? ते कोणाला ठाऊक आहे?

२. कोणत्या बिया तोंडात घालू नयेत, असे आपल्या घरातील वडीलधारी सांगत? त्यांना विचारून यादी करा.

३. घरात जुनी गुंजेची माळ असेल, तर ती मुलांच्या हाती लागणार नाही अशी कुठे ठेवाल?

आमच्या गटाने त्या दिवसापासून एक नियम केला आहे: जिचे नाव आणि गुण आपल्याला सांगता येत नाहीत, ती बी माळेत नाही. माळ विकत घेणारी बाई आपल्या पाड्यावर कधी येणार नाही, पण तिच्याही घरात लेकरे असतात.